मॉडिफाय केलेल्या बुलेटच्या प्रायमरीत कोणतं तेल घालायचं?

ग्वाल्हेरात जुनी बुलेट घेऊन तिच्यात मोठा पिस्टन आणि मोठा कार्ब्युरेटर बसवणारी मंडळी इंजिन ऑइलवर तासन्‌ तास बोलतात. कंपनी कोणती, मिनरल की सिंथेटिक, किती किलोमीटरला बदलायचं. प्रायमरीचा, म्हणजे इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणाऱ्या जोडणीचा, विषय निघाला की मात्र "इंजिनातलं उरलंय ना, तेच ओता" एवढ्यावर बोलणं संपतं. मग महाराज बाड्याच्या चौकातल्या गर्दीत न्यूट्रल सापडत नाही, किंवा शिवपुरी रस्त्यावर ट्रकला मागे टाकताना इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. पुष्कळदा यामागे प्रायमरीतलं तेल असतं. तितक्याच वेळा तेलाचा काही दोष नसतो, पण एकामागून एक डबे बदलून तो दोष काढायची धडपड चालू असते.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रायमरीचं तेल इंजिनाची ताकद पाहून निवडायचं नसतं. त्या तेलात कोणकोणते भाग भिजतात ते पाहून निवडायचं असतं. हे एकदा ठरवलं की निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात.

पहिली पायरी: त्या तेलात काय काय भिजतं ते ओळखा

क्रँकची (पिस्टनने फिरणाऱ्या इंजिनाच्या दांड्याची) ताकद क्लचपर्यंत नेणारी पहिली जोडणी म्हणजे प्रायमरी ड्राइव्ह. ती साखळीची असते, गिअरची असते किंवा पट्ट्याची. मागच्या चाकाकडे जाणारी उघडी साखळी वेगळी. तिच्यावर मारायचा स्प्रे इथे उपयोगाचा नाही.

कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेटमध्ये इंजिन, प्रायमरी आणि गिअरबॉक्स ही तीन स्वतंत्र घरं आहेत. प्रायमरीच्या बंद डब्यात दुहेरी साखळी, क्लचच्या प्लेटा आणि वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा रोटर-स्टेटर असतो. इलेक्ट्रिक स्टार्ट असेल तर स्प्रॅग क्लचही (सेल्फची मोटार क्रँकला एकाच दिशेने जोडणारा भाग) बहुधा त्याच तेलात असतो. इथे ना पेट्रोल जळल्याची काजळी येते, ना दाबाने तेल ढकलणारा पंप असतो. साखळी खालच्या तेलातून जाते आणि वर उडवत नेते, एवढंच वंगण. निवडीचं खरं स्वातंत्र्य याच गाडीत आहे, म्हणून पुढचा बराचसा लेख तिच्यासाठी आहे.

२००९ च्या सुमारास आलेल्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात असलेल्या) इंजिनात प्रायमरी साखळीचीच राहिली, पण तेल एकच झालं. तेच तेल इंजिनात, क्लचमध्ये आणि गिअरबॉक्समध्ये फिरतं. रॉयल एनफिल्डच्याच २०१८ च्या ६५० ट्विनमध्ये (दोन सिलिंडरच्या गाडीत) आणि २०२० च्या मिटिऑरपासूनच्या ३५० मध्ये प्रायमरी गिअरची आहे. तेल तिथेही एकच. या गाड्यांत "प्रायमरीचं तेल" अशी वेगळी निवड नसतेच. तुम्ही इंजिन ऑइल निवडता आणि क्लचला ते मान्य करावं लागतं.

येझदी आणि आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्यांची गोष्ट तिसरी. तिथे प्रायमरी, क्लच आणि गिअरबॉक्स एका तेलात असतात; इंजिनाला लागणारं टू-टी तेल पेट्रोलबरोबर जळून जातं. ते टू-टी तेल गिअरच्या बाजूला कधीही घालू नका. हार्लेच्या जुन्या स्पोर्टस्टरमध्येही प्रायमरी आणि गिअरबॉक्सचं तेल सामाईक असतं, तर मोठ्या ट्विनमध्ये तिन्ही वेगळी.

कोणी उघड्या पट्ट्याची प्रायमरी बसवली असेल तर तिचा हिशेबच निराळा. त्यावर शेवटी लिहिलं आहे.

दुसरी पायरी: मॉडिफिकेशनने नेमकं काय बदललं?

सायलेन्सर, हँडल, टाकी, टायर यांचा प्रायमरीच्या तेलाशी संबंध नाही. क्षमता वाढवली असेल किंवा कॉम्प्रेशन चढवलं असेल तर क्लचवर जास्त टॉर्क येतो. तो भार पेलण्याचं काम स्प्रिंगांचा दाब, प्लेटांची संख्या आणि प्लेटांमधलं घर्षण ही तिघं मिळून करतात. तेलाचा हात फक्त तिसऱ्यात आहे, आणि तिथेही चांगलं तेल घर्षण वाढवून देत नाही. असलेलं टिकवून ठेवतं एवढंच. वाईट तेल मात्र ते खात्रीने घालवतं. त्यामुळे वाढवलेल्या इंजिनाला जुन्याच मऊ स्प्रिंगा ठेवल्या असतील तर जगातलं कोणतंही तेल ती घसरण थांबवणार नाही. आधी स्प्रिंगा आणि प्लेटा, मग तेल.

प्लेटांवरचं अस्तर कशाचं आहे हेही विचारून घ्या. जुन्या येझदीच्या प्लेटांत कॉर्कचे तुकडे असतात. कॉर्क कोरडा बसवला तर लवकर जळतो, म्हणून बसवण्याआधी रात्रभर तेलात भिजवायचा. नवीन कागदी किंवा फायबर अस्तराच्या प्लेटाही तशाच भिजवाव्यात, आणि त्या ज्या तेलात चालणार आहेत त्याच तेलात. दुकानदाराने "रेसिंग" म्हणून दिलेल्या प्लेटा कोरड्या क्लचसाठी नाहीत ना, याची खात्री करा. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण तेलाच्या नावाने होणाऱ्या पुष्कळ तक्रारींचं मूळ चुकीच्या प्लेटांत निघतं.

तिसरी पायरी: डब्यावरचं लेबल वाचा

तेलात भिजणारा क्लच असेल तर पहिली नजर एकाच शब्दावर: जासो. जपानमधल्या या मानकाचा टी ९०३ हा विभाग फोर-स्ट्रोक मोटारसायकलच्या तेलासाठी आहे. त्यात तेलात भिजलेल्या क्लचची चाचणी होते: फिरताना घर्षण किती, पकडल्यावर किती, आणि थांबायला वेळ किती. त्या मोजमापांवरून तेलाला एमए किंवा एमबी दर्जा मिळतो. एमए क्लचसाठी. एमए१ आणि एमए२ हे त्यातले पोटविभाग, एमए२ मध्ये घर्षण जास्त. एमबी तेल मुद्दाम निसरडं असतं, कारण स्कूटरचा क्लच इंजिन ऑइलमध्ये नसतो. स्कूटरसाठी आणलेला एमबीचा डबा बुलेटच्या प्रायमरीत ओतला की घसरण हात धरून आलीच.

मॉडिफाय केलेल्या गाडीला मी डोळे झाकून एमए२ सांगतो.

दुसरी नजर एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या) गोल चिन्हावर. वरच्या भागात एसएल, एसएम, एसएन अशी अक्षरं असतात. स्वतंत्र प्रायमरीत ज्वलनच नाही, तेव्हा एसएल आणि एसएन यांच्यातल्या फरकासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. पाहायचं ते त्या चिन्हाच्या खालच्या भागात. तिथे "रिसोर्स कन्झर्व्हिंग" किंवा जुन्या डब्यावर "एनर्जी कन्झर्व्हिंग" लिहिलेलं असेल तर डबा परत ठेवा. ते कारचं तेल आहे. इंधन वाचावं म्हणून त्यात घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. कारच्या पातळ ग्रेडमध्ये, विशेषतः ३० आणि २० च्या तेलांत, हे शब्द जास्त दिसतात. म्हणून "१०डब्ल्यू-३० द्या" एवढंच सांगून तेल घेऊ नये. एकाच आकड्याचे दोन डबे क्लचसाठी एकमेकांच्या उलट असू शकतात.

ट्रान्सपोर्ट नगराकडून येणारा ट्रकच्या डिझेल इंजिनाचा १५डब्ल्यू-४० पुष्कळ मिस्त्री वापरतात. त्यात सहसा घर्षण घटवणारी भर नसते, त्यामुळे क्लच बरा चालतो. वाटेत अडकलात तर हरकत नाही. पण घरी बसून निवड करायची असेल तर ज्याची क्लचवर चाचणी झाली आहे तेच घ्या. अर्ध्या लिटरच्या तेलात वाचून वाचणार किती?

वरून घालायच्या "ऑइल ट्रीटमेंट"च्या बाटल्या, मॉली किंवा टेफ्लॉनच्या पुड्या प्रायमरीच्या डब्यात अजिबात नकोत. क्लच तर घसरतोच, शिवाय स्प्रॅग क्लचची पकडही जाऊ शकते. मग सेल्फ मारल्यावर नुसती मोटार गरगरते आणि क्रँक फिरतच नाही.

चौथी पायरी: जाडी ग्वाल्हेरच्या हवेला साजेशी

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जानेवारीच्या धुक्यात सकाळी ५ अंशांच्या आसपास उतरतो. एकाच गावात चाळीस अंशांचं अंतर! तेलाच्या नावातले दोन आकडे याच अंतरासाठी आहेत. "डब्ल्यू"आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो, नंतरचा १०० अंशांवरची जाडी. १०० अंशांवर एसएई (तेलाच्या जाडीचं मानक) ३० तेलाची जाडी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (जाडीचं एकक) असते, ४० ची १२.५ ते १६.३, आणि ५० ची १६.३ ते २१.९.

उन्हाळ्याच्या धाकाने सगळे २०डब्ल्यू-५० कडे धावतात. एअरकूल्ड इंजिनासाठी ते समजण्यासारखं आहे: तिथे बेअरिंगवर तेलाचा थर दाबाने टिकवायचा असतो आणि सिलिंडरची उष्णता प्रचंड. प्रायमरीच्या डब्यात तशी उष्णताही नसते, दाबाचं बेअरिंगही नसतं. तिथे जाड तेलाचा फायदा थोडा आणि त्रास रोजचा. थंडीत ते तेल प्लेटांमध्ये गोंदासारखं बसतं. क्लच दाबूनही प्लेटा सुटत नाहीत, पहिला गिअर "खट्ट" करून पडतो, सिग्नलला न्यूट्रल मिळत नाही. कडक स्प्रिंगा घातलेल्या गाडीत तर आधीच जड झालेल्या लिव्हरवर हा ताप वेगळा. पातळ तेलाचा धोका इतकाच की फार पातळ झालं तर साखळीच्या पिना आणि रोलर यांच्यात थर राहत नाही आणि आवाज वाढतो.

म्हणून स्वतंत्र प्रायमरीच्या, ताकद वाढवलेल्या बुलेटला माझी निवड १०डब्ल्यू-४० एमए२, बाराही महिने. इंजिन मूळचंच असेल आणि बदल नुसते दिसण्याचे असतील तर १०डब्ल्यू-३० एमए पुरे आहे, आणि हिवाळ्यात क्लच त्याने जास्त मोकळा सुटतो. सिंथेटिकची इथे गरज नाही. चांगलं मिनरल घ्या आणि वेळेवर बदला.

तेल सामाईक असलेल्या गाडीत हे स्वातंत्र्य घेऊ नका. यूसीईला कंपनी १५डब्ल्यू-५० सांगते, ६५० ट्विनला १०डब्ल्यू-५०. इंजिनाच्या गरजेसाठी ठरवलेली ती जाडी क्लचच्या सोयीसाठी कमी करायची नाही. अशा गाडीत ताकद वाढवली असेल तर ग्रेड तोच ठेवून बदलण्याचं अंतर कमी करा. गिअरच्या दातांत आणि साखळीत सापडून तेलातले जाडी टिकवणारे लांब रेणू तुटत जातात आणि ५० चं तेल हळूहळू ४० सारखं वागू लागतं. गिअर बदलताना पूर्वीचा गुळगुळीतपणा गेला, की समजायचं.

एटीएफ आणि गिअर ऑइल

ऑटोमॅटिक कारच्या गिअरबॉक्सचं लाल तेल म्हणजे एटीएफ. परदेशातले बुलेटवाले प्रायमरीत ते वर्षानुवर्षं वापरत आले आहेत, आणि ती निवड मूर्खपणाची नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्येही तेलात भिजणाऱ्या क्लच प्लेटाच असतात. डेक्सरॉन ३ जातीच्या एटीएफची जाडी १०० अंशांवर सुमारे ७ सेंटिस्टोक्स, म्हणजे आपल्या ३० च्या तेलापेक्षाही कमी. क्लच थंडीत सुरेख सुटतो. फोर्डच्या जुन्या "टाइप एफ" एटीएफमध्ये घर्षण घटवणारी भर नव्हती, म्हणून जुन्या लेखांत त्याचीच शिफारस सापडते. आज आपल्या दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक एटीएफमध्ये ती भर असते. मूळ इंजिनाच्या गाडीत क्लच सुटत नसेल तर करून पाहायला हरकत नाही. ताकद वाढवलेल्या गाडीत, आपल्या मे-जूनमध्ये, मी ते घालणार नाही.

एटीएफचा एक उपयोग मात्र मला फार आवडतो. ते लाल असतं आणि इंजिनाचं तेल तपकिरी. गाडीखाली थेंब लाल पडला तर गळती प्रायमरीची. प्रायमरीतली पातळी आपोआप वाढत असेल आणि लाल रंग मळकट होत असेल तर क्रँकच्या डाव्या बाजूचं सील गेलं आहे आणि इंजिनाचं तेल इकडे येतंय. गळतीचा माग काढण्यापुरतं एकदा एटीएफ भरा, दोष दुरुस्त करा आणि मग कायमचं तेल घाला.

गिअर ऑइलमधलं जीएल-५ घेऊ नका. दातांवरच्या प्रचंड दाबासाठी त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं असतात. ती क्लचची पकड घालवतात आणि पितळी-कांस्याच्या बुशांनाही बाधू शकतात. "९०" हा आकडा पाहून घाबरायचं किंवा भुलायचंही कारण नाही. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. गिअरचं ९० आणि इंजिनाचं ४०-५० जाडीला जवळपास सारखंच असतं.

पाचवी पायरी: तेल बदलताना प्रायमरीचा डबा वाचा

कास्ट आयर्न बुलेटचं हे काम घरी होण्यासारखं आहे. गाडी थोडी चालवून तेल कोमट करा आणि मेन स्टँडवर सरळ उभी करा. डाव्या बाजूचं फूटरेस्ट काढा. ज्या मॉडेलला ब्रेकचं पेडल डावीकडे आहे तिथे तेही. खाली पसरट ट्रे ठेवून मधला मोठा नट सोडला की बाहेरचं झाकण सुटतं आणि तेल ट्रेमध्ये येतं. झाकण घाईने ओढू नका, स्टेटरच्या वायरी मागे असू शकतात.

आता ट्रेकडे नीट बघा. राखाडी-काळा बारीक गाळ ही प्लेटांच्या अस्तराची झीज, ती थोडीफार असणारच. लोहचुंबक फिरवा. केसासारखे चमकते कण चिकटले तर साखळी किंवा स्प्रॉकेट झिजतंय. तुकडे मिळाले तर तेल भरायचा विचार सोडा आणि आधी कारण शोधा. तेल दुधी दिसलं तर पाणी शिरलं आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर, आणि प्रेशर पंपाने गाडी धुणाऱ्यांकडे, हे हमखास दिसतं. जळका वास आणि काळपट तेल म्हणजे क्लच घसरत होता. नवीन तेलाने त्या प्लेटा बऱ्या होणार नाहीत.

प्रायमरीचा डबा रॉकेलने पुसून कोरडा करा. गरम इंजिनाजवळ पेट्रोल नकोच.

साखळीचा ढिलेपणा एका जागी मोजून भागत नाही. किक मारून क्रँक थोडाथोडा फिरवत चार-पाच जागी वरची बाजू बोटाने वर-खाली करून पाहा. सगळ्यात घट्ट जागी साधारण ६ मिमी हालचाल राहायला हवी. जास्त असेल तर खालच्या टेन्शनरच्या बोल्टने आवळा. आवळण्याची जागा संपली असेल तर साखळी बदला. फार घट्ट साखळी ढिल्या साखळीपेक्षा वाईट, कारण ती क्रँकच्या आणि क्लचच्या बेअरिंगवर ओढ देत राहते, आणि गरम झाल्यावर आणखी आवळते. झाकण उघडंच आहे तर क्लचच्या बास्केटच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या वाटीच्या) खाचाही बघा. प्लेटांच्या दातांनी तिथे खोबणी पाडल्या असतील तर प्लेटा अडकणार, मग तेल कितीही पातळ घाला.

रबराच्या सीलची खाच साफ करून झाकण बसवा. मधला नट नको तितका आवळला की झाकण वाकतं आणि मग कायमची गळती लागते. सील नीट बसेल इतकंच.

तेल साधारण ४०० ते ४५० मिली लागतं, पण बाटलीच्या आकड्यापेक्षा लेव्हल स्क्रूवर विश्वास ठेवा. गाडी सरळ उभी, लेव्हल स्क्रू काढलेला, आणि तिथून तेल झिरपू लागेपर्यंत हळूहळू भरायचं. झिरपणं थांबलं की स्क्रू लावायचा. "थोडं जास्त असलेलं बरं" हे इथे चालत नाही. जास्त तेल क्लच ढवळत बसतो, तापतं, प्लेटा सुटत नाहीत आणि तेल जागा शोधून बाहेर येतं.

टू-स्ट्रोकवाल्यांनी आणखी एक पाहावं. तेलाची पातळी उतरतेय, खाली थेंब नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर येतोय, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलं आहे. इंजिन गिअरचं तेल पिऊन जाळतंय. ग्रेड बदलून त्यावर इलाज होत नाही.

काढलेलं तेल नाल्यात ओतू नका. आपले नाले स्वर्णरेखा नदीत जातात. जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये कॅन नेऊन द्या.

सहावी पायरी: रस्त्यावर तपासणी

तपासणीआधी क्लचच्या केबलला लिव्हरपाशी २ ते ३ मिमी मोकळी हालचाल आहे ना, ते पाहा. ती नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि आळ तेलावर येतो.

सकाळी थंड गाडीत क्लच दाबून दोन-तीन किका मारा, प्लेटा सुटतात. सुरू करून पहिला गिअर टाका. क्लच पूर्ण दाबलेला असताना गाडी पुढे सरकू पाहत असेल तर क्लच ओढतोय. गाडी गरम झाल्यावरही तसंच राहिलं तर तेलाची जाडी आणि पातळी तपासा, मग प्लेटा आणि बास्केट.

घसरण पाहायला मोकळा, रिकामा रस्ता हवा. वरच्या गिअरमध्ये ताशी ४० च्या आसपास असताना एकदम पूर्ण रेस द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग त्या मानाने चढला नाही, तर क्लच घसरतोय. एमए२ तेल असूनही असं होत असेल तर तेलाचा डबा बदलत बसू नका, स्प्रिंगांकडे वळा. आधी चुकीचं, निसरडं तेल घातलेलं असेल तर नुसतं बदलून भागत नाही. ते अस्तरात मुरलेलं असतं. प्लेटा काढून धुवा, नवीन तेलात भिजवा, आणि पुढचं तेल ५०० किलोमीटरवर पुन्हा बदला. नवीन साखळी किंवा नवीन प्लेटा बसवल्यावरही पहिला बदल ५०० वरच करावा. त्यानंतर ३ ते ४ हजार किलोमीटरला, आणि गाडी कमी चालत असली तरी वर्षातून दोनदा: पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा.

उघड्या पट्ट्याची प्रायमरी असेल तर

चॉपर-बॉबर धाटणीच्या गाड्यांत साखळीऐवजी दातेरी पट्टा आणि कोरडा क्लच बसवतात. तिथे वंगण शून्य. तेलाचा थेंबही पट्ट्याचं रबर बिघडवतो आणि कोरड्या प्लेटा घसरवतो. म्हणून अशा बदलाआधी क्रँकचं डावं सील आणि गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टचं सील नवीन घाला. जुनं "अजून चालतंय" म्हणून ठेवू नका. प्लेटा कोरड्या क्लचच्याच हव्यात. पट्टा थंड असताना थोडा ढिला ठेवा, कारण ॲल्युमिनियमचं आवरण तापून प्रसरण पावतं, दोन पुलींमधलं अंतर वाढतं आणि पट्टा ताणला जातो. पट्ट्याला हवा लागते, म्हणून झाकणाला खिडक्या असतात. पण चंबळच्या बाजूने येणारी बारीक धूळ त्याच खिडक्यांतून आत जाऊन पुलीचे दात खाते. बारीक जाळी लावा, दर महिन्याला कोरड्या ब्रशने झाडा, आणि पॅन्ट अडकणार नाही असं गार्ड बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.